ज्योत मंदावली, हे कोण म्हणणार?

छळाच्या नात्यातून सुटलेल्या बाईला समुपदेशकानं पाठबळ द्यायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? हे बघायला मी एक जुना चित्रपट घेतो. जॉर्ज क्यूकरचा 'गॅसलाइट', १९४४ सालचा. मूळ पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक.

व्हिक्टोरियन लंडन. पॉला (इन्ग्रिड बर्गमन) आणि तिचा नवरा ग्रेगरी. वस्तू गायब होतात, तो म्हणतो तूच हरवल्यास. तो रात्री बाहेर पडला की घरातल्या गॅसदिव्याची ज्योत मंदावते. पुष्कळांना वाटतं, तिला वेड लावायला तो ती मुद्दाम कमी करतो. तसं नाहीये. तो चोरून माळ्यावर दागिने शोधतो, तिथं दिवा लावतो, म्हणून खालची ज्योत उतरते. म्हणजे ती ज्योत हा पॉलाकडचा खरा पुरावा आहे, आणि तिला तोच भास वाटू लागतो. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. इथं घाव थेट त्याच्यावर आहे.

मग गुप्तहेर येतो. त्याच्यासमोर ज्योत खाली जाते, आणि तो सांगतो की मलाही दिसतंय. 'तू किती धीराची' वगैरे नाही. हल्ली पाठबळ म्हणजे कौतुक, 'तुमचं सगळं बरोबरच' असा शिक्का, असं चालतं. मला ते पटत नाही. त्यात निवाडा पुन्हा दुसऱ्याच्याच हाती राहतो, फक्त न्यायाधीश प्रेमळ.

अडचण अशी, की समुपदेशकाला ज्योत दिसत नसते. त्याच्यापुढं असतो तिचा शब्द. आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, टाळी एका हातानं वाजत नाही. आणि हे तटस्थपणा म्हणून खपतं! ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) या पुस्तकात इथं चांगला भेद केलाय: उपचारातली तटस्थता वेगळी, नैतिक तटस्थता वेगळी. तिच्या आयुष्याचे निर्णय तिचे, त्यात आपण घुसायचं नाही. पण झालेल्या अत्याचाराबद्दल 'माझं काही मत नाही' म्हणायची सवलत समुपदेशकाला नाही. तिच्या हातातली सत्ता काढून घेणारा उपाय, हेतू कितीही चांगला असो, तिला बरं करत नाही, असंही त्या बजावतात. हे पाळणं फार जड. ती परत त्याच घरी जाते म्हणाली तर? धोका स्पष्ट सांगायचा, सुरक्षेची तयारी तिच्याबरोबर बसून करायची, आणि ती गेली तरी आपलं दार बंद करायचं नाही, असं मी म्हणेन.

चित्रपटात हे एकदाच नीट घडतं. ग्रेगरी खुर्चीला बांधलेला आहे. पॉला म्हणते, मला याच्याशी एकटीनं बोलायचंय, आणि गुप्तहेर चक्क बाहेर जातो. नवरा सुटकेसाठी गयावया करतो. तुम्हीच मला वेडी ठरवलंत, मग वेडी बाई मदत कशी करणार, या अर्थाचं ती त्याला ऐकवते. इतके दिवस तो तिच्या डोळ्यांवर निकाल देत होता. आता त्याच्याच निकालाचा अर्थ ती लावते. त्या वेळी खोलीत तिचा कैवारी कोणी नाही.

दुर्दैवानं क्यूकरला तेवढ्यावर थांबवलं नाही. शेवटी तोच गुप्तहेर तिच्याशेजारी उभा करून पुढच्या संसाराची सूचना दिलीच आहे.