सूचना आली, पुढे काय?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, नाटक येतं. आज मी समीक्षेला घेतलंय ते एक छोटंसं निवेदन. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानं, म्हणजे आपल्या एमआयडीसीनं, ते मार्च २०२१मध्ये काढलं. हल्ली एक विचार सगळीकडे विकला जातो. तुमचे संगणक चार ठिकाणी पसरलेले असू देत, तीन वेगवेगळ्या क्लाउडवर असू देत. आम्ही सगळं एका पडद्यावर आणून देतो, आणि हल्ला दिसला की यंत्रणा स्वतःच आवर घालेल. हा विचार तपासून बघायला हे निवेदन फार उपयोगी आहे.

आधी त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. २१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमाराला आपली ॲप्लिकेशन्स बंद पडल्याच्या स्वयंचलित सूचना महामंडळाला आल्या. दिवसभर तपास झाला आणि हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे हे पक्कं झालं. मुंबईच्या मुख्यालयातल्या सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद झाली होती. निरनिराळ्या कार्यालयांतल्या काही संगणकांनाही लागण झाली होती. मग तंत्रज्ञांनी यंत्रणा नेटवर्कपासून तोडली. महामंडळाची ॲप्लिकेशन्स दोन ठिकाणी होती : काही मुख्यालयातल्या स्वतःच्या सर्व्हरवर, काही ईएसडीएसच्या क्लाउडवर. ही ईएसडीएस म्हणजे आपल्या सातपूरची कंपनी. बॅकअप क्लाउडवर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता. तो वाचला.

त्या वेळी वर्तमानपत्रांत गाजली ती पाचशे कोटींच्या खंडणीची बातमी. निवेदन मात्र म्हणतं की खंडणीच्या चिठ्ठीत थेट रक्कम दिलेलीच नव्हती. आकडा लक्षात राहिला, अडीच वाजले होते हे विसरलं गेलं. मला त्या अडीच वाजण्याबद्दलच बोलायचंय.

एक गोष्ट आधी महामंडळाच्या बाजूनं. आपल्याकडे हल्ला झाला की संस्था तोंड उघडत नाहीत. इथे वेळ सांगितली, काय कुठे होतं ते सांगितलं, काय वाचलं तेही सांगितलं. ज्यानं लिहून ठेवलं, त्याचीच समीक्षा करता येते. बाकीच्यांनी समीक्षेला जागाच ठेवलेली नाही.

आता सूचना नेमकी कशाची होती ते बघा. 'ॲप्लिकेशन बंद पडलं' याची. म्हणजे चोर घरात शिरल्याची ती सूचना नव्हती. दिवे गेल्याची होती. दोन्ही सूचनाच, दोन्ही आपोआप येतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रॅन्समवेअरचे हल्लेखोर सहसा एका झटक्यात माहितीला कुलूप लावत नाहीत. आधी एखादा पासवर्ड हाती लागतो, मग एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणं, मोठे अधिकार मिळवणं, बॅकअप कुठे आहे ते शोधणं, आणि शेवटी कुलूप. प्रत्येक पायरीची कुठे ना कुठे नोंद होते. ती वाचणारं कुणी असेल तर दिवे जायच्या आधी कळतं.

इथे केंद्रीय देखरेखीचा मुद्दा येतो, आणि तो मला मनापासून पटतो. का पटतो, त्यासाठी पुण्याचं उदाहरण घेऊ.

कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे बारा हजार व्यवहारांनी ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेत गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती आधी स्विचकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, 'बाबा रे, खात्यात पैसे आहेत का?' ती हो म्हणाली की नोटा बाहेर येतात. चोरांनी मधे स्वतःचा खोटा स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला विचारायचाच नाही, स्वतःच 'हो' म्हणून मोकळा व्हायचा. मुख्य प्रणालीला काहीच कळलं नाही, कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या वहीत सगळं आलबेल! तिकडे एटीएमला रीतसर मंजुरी मिळत होती, म्हणजे त्यांच्याही वहीत चूक नाही.

प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर. खोट होती ती दोन वह्यांच्या मधे. आणि दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसतच नाही. केंद्रीय देखरेखीचा यापेक्षा मोठा युक्तिवाद मला माहीत नाही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग एकट्यानं बघून चालत नाही. वाटेत मिळणारं पाणी, शहरातून येणारं पाणी, सगळं मिळून होळकर पुलाखाली किती झालं ते बघावं लागतं. दुतोंड्या मारुतीला ते कुठून आलं याच्याशी कर्तव्य नाही.

अनेक क्लाउड म्हटले की हे शेजारी ठेवणंच अवघड होतं, आणि विक्रेत्यांच्या सादरीकरणात नेमकं हेच नसतं. एडब्ल्यूएसची वही क्लाउडट्रेल, आझूरची ॲक्टिव्हिटी लॉग, गुगलची ऑडिट लॉग. एकच कृती, तिघांकडे तीन नावांनी, तीन रचनांनी. २०२२मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून ओसीएसएफ नावाची सामाईक रचना आणली ती याचसाठी. मग वेळ. क्लाउडच्या नोंदी बहुतेक जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपल्या रविवारच्या पहाटेचे अडीच म्हणजे तिथे शनिवारचे रात्रीचे नऊ. कार्यालयातल्या सर्व्हरची नोंद रविवारची, क्लाउडची शनिवारची! हे जुळवलं नसेल तर एकाच घटनेचे दोन तुकडे पडद्यावर दोन दिवस होऊन दिसतात.

आणखी एक गोम आहे. सगळ्या नोंदी मुळात होतातच असं नाही. एस-थ्रीमधली फाइल कुणी उघडली, कुणी उतरवून घेतली, ही नोंद क्लाउडट्रेलमध्ये आपोआप होत नाही. वेगळी चालू करावी लागते आणि तिचे पैसे पडतात. गुगलकडेही, बिगक्वेरी सोडलं, तर माहिती वाचल्याच्या नोंदी सुरुवातीला बंदच असतात. म्हणजे पडदा कितीही मोठा घ्या, जे लिहिलंच गेलं नाही ते त्यावर येणार कुठून?

आता कायद्याकडे येऊ. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, नोंदी १८० दिवस ठेवा, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवा. दुसरा आणि तिसरा नियम उत्तमच. क्लाउडट्रेलचा तयार मिळणारा इतिहास ९० दिवसांचा, आझूरच्या ॲक्टिव्हिटी लॉगचाही ९०च. म्हणजे काहीच न करता बसलेली संस्था कायद्याच्या निम्म्यावरच थांबते. पण पहिला नियम नीट वाचा. सहा तास कधीपासून? लक्षात आल्यापासून. ज्याचं लक्षच नाही, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. जो जागा आहे त्याला धावपळ, जो झोपलाय त्याला मुभा. हा माझा या नियमावरचा मुख्य आक्षेप आहे. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ला नागरी सहकारी बँकांसाठी चार पायऱ्या केल्या आणि वरच्या पायरीवरच्या बँकांना सुरक्षा देखरेख केंद्र उभारायला सांगितलं. ती दिशा मला जास्त बरोबर वाटते, कारण तिथे आधी जागं राहण्याची सक्ती आहे.

पण जागं राहिलं की झालं का? नाही. आता मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो.

२०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ब्लूमबर्ग बिझनेसवीकनं पुढच्या मार्चमध्ये छापलं की त्यांच्या देखरेख यंत्रणेनं इशारा दिला होता. आपल्या बेंगळुरूत बसलेल्या माणसांनी तो पाहिला आणि मिनियापोलिसला कळवला. तिथे कुणी हललं नाही. आणि घातक प्रोग्रॅम आपोआप काढून टाकण्याची सोय त्या यंत्रणेत होती. ती बंद ठेवलेली होती.

का बंद ठेवतात माणसं? मूर्ख असतात म्हणून? छे. यंत्रानं चुकून भलतंच काही बंद पाडलं तर उत्तर कोण देणार, ही भीती असते. आणि ती भीती खोटी नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते कुणा हल्लेखोराचं काम नव्हतं, रक्षकाचंच होतं. त्याआधी, डिसेंबर २०२०मध्ये, सोलरविंड्सचं प्रकरण बाहेर आलं. ओरायन हे नेटवर्कवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्याच अपडेटमध्ये हल्लेखोरांनी आपला माल भरला आणि तो सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत पोचला. सगळ्या घरांच्या किल्ल्या एका पहारेकऱ्याकडे दिल्या की चोर घरं सोडून पहारेकऱ्यालाच गाठतो.

म्हणून 'सगळं केंद्रित करा' आणि 'सगळं आपोआप करा' ही जी जोडगोळी एकाच निविदेत विकली जाते, ती मी तोडू इच्छितो. डोळे एकत्र असावेत. हात जागच्या जागी असावेत. नोंदी सगळ्या क्लाउडमधून एका वेगळ्या खात्यात याव्यात, आणि ते खातं असं असावं की तिथली नोंद कुणालाच, अगदी प्रमुखालाही, पुसता येऊ नये. कृतीचे अधिकार मात्र त्या त्या क्लाउडमध्येच, नेमके आणि तोकडे ठेवावेत. एका किल्लीनं तिन्ही क्लाउड उघडतात अशी किल्ली यंत्राला देऊच नये.

मग यंत्रानं आपोआप करायचं तरी काय? माझी कसोटी सोपी आहे : जे सकाळी परत पूर्ववत करता येईल, ते रात्री यंत्रानं करावं. संशयित खात्याचा प्रवेश थांबवणं, एक यंत्र नेटवर्कपासून बाजूला काढणं, डिस्कची प्रत काढून ठेवणं. चुकलं तर सकाळी माफी मागून चालू करता येतं. जे परत आणता येत नाही, म्हणजे पुसणं, किंवा ज्यानं हजारो लोकांचं काम अडतं, ते माणसानं करावं. पण कोणत्या माणसानं, हे आधी ठरलेलं हवं. कॉसमॉसच्या शनिवारी परदेशातल्या मंजुऱ्या तासभर थांबवल्या असत्या तर परदेशी गेलेल्या काही खातेदारांची गैरसोय झाली असती, इतकंच. ही तुलना शांतपणे मंगळवारी दुपारी करून ठेवायची असते. शनिवारी रात्री करायला वेळ नसतो.

धरणाचंच बघा ना. कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची, किती झाली की दरवाजे उघडायचे, याचं लेखी परिचालन आधी तयार असतं. पाऊस पडायला लागल्यावर कुणी बैठक बोलावत नाही.

आपल्या निवेदनात मला हीच ओळ सापडत नाही. सूचना आली, तपास झाला, जोडणी तोडली, हे आहे. रविवारी पहाटे मुख्यालयाची जोडणी तोडायचा अधिकार कुणाकडे होता, तो कागदावर होता का, याबद्दल एक शब्द नाही. हा दोष मी एकट्या महामंडळाचा मानत नाही. आपल्या जवळजवळ सगळ्या संस्थांच्या अशा निवेदनांत ही ओळ गाळलेली असते, कारण आपण सुरक्षा ही खरेदीची बाब समजतो. यंत्र घेतलं, फीत कापली, झालं! अधिकार देणं ही मात्र खरेदी नाही. तिथे वरच्या माणसाला आपली सही खालच्या माणसाच्या हाती, तीही मध्यरात्रीसाठी, द्यावी लागते. अवघड जागेचं दुखणं ते हेच आहे.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्याचे मेल एका क्लाउडवर, हिशेब दुसऱ्यावर, कामगारांची हजेरी तिसऱ्यावर, आणि रात्री बघणारं कुणी नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी कॅमेरे येतील, ॲप येतील, तात्पुरते ठेकेदार आणि त्यांची तात्पुरती खाती येतील. तेव्हा नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर पडदे किती, हे विचारू नका, ते तुम्हाला कौतुकानं दाखवतीलच. तीन प्रश्न विचारा. कोणत्या नोंदी मुळात होतच नाहीत? रात्री अडीच वाजता काय बंद करायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो लेखी आहे का? मेळा संपल्यावर ती तात्पुरती खाती कोण बंद करणार?

तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प बसला तर समजा, पडदा कितीही मोठा असला तरी अजून काम व्हायचंय.