विमान उडालं, पण वेग कशावर बघितला?

घरी बनवलेल्या विमानाची मराठी बातमी एका ठरलेल्या साच्यातून येते. इंजिन कुठल्या गाडीचं, खर्च किती लाख, जमीन विकली की दागिने, आणि मथळ्यात 'जुगाड' हा शब्द. मी हवेचा वेग मोजण्याच्या पद्धतींवर पीएचडी करतोय, त्यामुळे अशी काही बातमी आली की सांगली-साताऱ्याचे मित्र ती मला पाठवतातच. मी त्यात दर वेळी एकच गोष्ट शोधतो: पिटो ट्यूब कुठं बसवलीय आणि तिची नळी कुठून नेलीय? मी वाचलेल्या एकाही बातमीत ते सापडलेलं नाही.

कॅप्टन अमोल यादव यांचंच घ्या. मूळचे पाटण तालुक्यातले, म्हणून साताऱ्याला त्यांचं कौतुक जरा जास्तच, आणि ते रास्त आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली, २०२० मध्ये धुळ्यात चाचणी झाली. बातम्यांत गच्ची आली, ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार आला, नोंदणीसाठी किती वर्षं खेटे घातले तेही आलं. बरं, यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक आहेत. वेग चुकीचा दिसला तर काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको. सांगायला हवं ते ती बातमी वाचून पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू करणाऱ्या कराड-विट्याच्या पोराला. त्याच्यापर्यंत विमान म्हणजे इंजिन, पंख आणि जिद्द एवढंच पोहोचतं. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका तरुण कारागिराचा पातं लागून जीव गेला. त्यानंतरही मथळे 'स्वप्न अधुरं'चेच होते. पातं का तुटलं, यावर किती ओळी आल्या?

आता नळीकडे येऊ. आँरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत प्रवाहाकडे तोंड करून वाकडी नळी धरली. पाणी जितकं जोरात, तितकं ते नळीत वर चढतं. विमानातही तेच आहे, फक्त पाण्याऐवजी हवा. पंखाखालून पुढे काढलेल्या नळीच्या तोंडावर हवा येऊन थांबते आणि तिचा एकूण दाब मिळतो. विमानाच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला स्टॅटिक पोर्ट म्हणतात. तिथून नुसता वातावरणाचा दाब मिळतो. दोन नळ्या कॉकपिटमधल्या डायलला जातात आणि दोन दाबांच्या फरकावर काटा फिरतो.

हा फरक किती लहान असतो याचा अंदाज इंजिनिअरिंग शिकलेल्यांनाही पटकन येत नाही. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो ना, ती डोळ्यांसमोर आणा. ताशी १०० किलोमीटर वेगाला पिटोचा दाब त्या नळीतल्या दोन बाजूंच्या पाण्यात साधारण ४८ मिलिमीटरचा फरक पाडेल. ताशी ९० ला ३९ मिलिमीटर. म्हणजे ९ मिलिमीटर पाण्यात १० किलोमीटरचा वेग! नळी मध्येच झोळासारखी लोंबत असेल, त्यात पावसाचं पाणी साचलं आणि त्याच्या दोन टोकांत बोटाच्या पेराहून कमी उंचीचा फरक राहिला, की काटा १० किलोमीटर खोटं बोलतो. म्हणून नळीला उतार द्यायचा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची सोय ठेवायची. ठिबक सिंचनाचं काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याला टी, जॉइंट आणि गळती तोंडपाठ असते. हे प्लंबिंगच आहे, त्याला रॉकेट सायन्स म्हणून घाबरवण्यात काही अर्थ नाही.

गळतीतही फरक असतो, आणि माझ्या मते खरी गोम इथंच आहे. पिटोची नळी गळाली तर वेग कमी दिसतो. वैमानिक हकनाक जास्त वेगाने येतो, धावपट्टी अपुरी पडू शकते. स्टॅटिकची नळी कॉकपिटच्या आत सुटली तर उलटं होतं. आतला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे वेग आणि उंची दोन्ही जास्त दिसतात. काटा म्हणतो भरपूर वेग आहे, पंखांकडे मात्र तो नसतो. उतरायला हळू होत असताना विमान स्टॉल होतं, तेही जमिनीजवळ, जिथं सावरायला उंचीच उरलेली नसते.

यावर हमखास येणारं उत्तर: "मोबाईलवर जीपीएस आहे की!" जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग सांगतो. पाठीमागून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर मोबाईल १०० दाखवेल आणि पंखांना ८० च मिळत असतील. पंखाला मोबाईल दिसत नाही.

दोष एकट्या पत्रकारांना देऊन भागणार नाही. आपल्या इंजिनिअरिंगच्या पेपरात 'पिटो ट्यूबचे तत्त्व आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न ठरलेला. बर्नुलीचं सूत्र लिहिलं की मार्क मिळाले. आकृतीतली नळी कधी गळत नाही, कधी तुंबत नाही, आणि ती जोडायची कशी हे तर कुणी विचारतच नाही. खरं तर गळती तपासणं सोपं आहे. अमेरिकन नियम सांगतो की दाब न भरलेल्या केबिनच्या विमानात स्टॅटिक लाइनमधली हवा हळूच ओढून अल्टिमीटर १,००० फूट वर न्यायचा आणि लाइन बंद करून एक मिनिट थांबायचं. काटा १०० फुटांपेक्षा जास्त खाली आला तर गळती आहे. गावठी शेडमध्ये सिरिंज आणि थोडा धीर एवढं पुरतं. तोंडाने मात्र फुंकायचं नाही. माणसाची फुंकर आत्ताच्या ४८ मिलिमीटरच्या कितीतरी पट असते, डायल कायमचा बिघडू शकतो.

आणि हे सगळं नीट जोडलं तरी कुंभारीण माशी उरतेच. शेतातल्या मोटारीच्या पाइपात, कुलपाच्या भोकात मातीचं घर करणारी तीच. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. एक पिटो ट्यूब तुंबलेली होती आणि सर्वाधिक संशय अशाच माशीच्या घरट्यावर आहे. विमान बरेच दिवस उभं होतं, नळ्यांवर कव्हरं नव्हती. कव्हर म्हणजे तरी काय, लाल फीत लावलेली कापडी पिशवी. ब्रिस्बेनमध्ये या माश्यांचा त्रास आहे म्हणून कव्हरं लावायची पद्धत आहे. जुलै २०१८ मध्ये तिथून एक प्रवासी विमान ती कव्हरं न काढताच उडालं. वेगाचा आकडाच मिळेना, तेव्हा वैमानिकांनी ते परत आणून उतरवलं.