‘पुनरुत्थान’ ह्या शब्दाविषयीं

ख्रिस्ती धर्मांतील कोणतें मत सुशिक्षित मराठी वाचकास सर्वांत कमी उमगलें आहे, असें कोणी पुसल्यास आम्ही त्रैक्याचें नांव घेणार नाहीं. त्रैक्य आपणांस कळत नाहीं, हें वाचकास निदान ठाऊक असतें. देहाचें पुनरुत्थान मात्र आपणांस कळलें असें त्यास वाटतें, आणि घात होतो तो तेथेंच. कोणी त्यास पुनर्जन्माचें भावंड समजतो, कोणी आत्म्याच्या अमरत्वाचें आलंकारिक नांव. वस्तुतः तें दोहोंपैकीं एकही नव्हे. जो मनुष्य ह्या देहानें जगला व मेला, तोच शेवटच्या दिवशीं सदेह, परंतु अविनाशी होऊन, एकदांच व कायमचा उठेल, असें तें मत आहे. देह म्हणजे जीर्ण वस्त्र, हें ज्यास गीतेनें लहानपणींच शिकविलें, त्यास टाकलेलें वस्त्र परत मागणारा हा धर्म विचित्र वाटावा ह्यांत नवल नाहीं.

भाषांतरकारांस आम्ही दोष देत नाहीं. ‘उत्थान’ हा शब्द निर्दोष आहे. पण आधीं जोडलेला ‘पुनर्’ ऐकतांच आमच्या कानांत ‘जन्म’ आपोआप वाजतो. पौलाच्या दृष्टान्ताचेंही तसेंच. करिंथ येथील मंडळीस लिहितांना त्यानें पुरलेल्या देहास पेरलेल्या दाण्याची उपमा दिली. जालन्याच्या काळ्या रानांत जोंधळा पेरणाऱ्या कुणब्यास ती समजावून सांगावी लागणार नाहीं. पंचाईत होते ती शास्त्र वाचलेल्या त्याच्या शेजाऱ्याची. आमच्या दर्शनांत बीज तें कर्माचें, त्याचा अंकुर म्हणजे नवें बंधन, आणि साधकाचा सारा खटाटोप तें बीं भाजून टाकण्याचा. पौलास जेथें आशा दिसते तेथें आम्हांस फेरा दिसतो.

मराठी मनांत ह्या मताच्या जवळ जाणारें कांहीं असेल, तर तें तुकोबांचें सदेह वैकुंठगमन होय. फादर स्टीफन्सनें १६१६ सालीं छापलेल्या ‘क्रिस्तपुराणां’त स्वर्गास बेधडक ‘वैकुंठ’ म्हटलें, तें आम्हांस म्हणूनच मार्मिक वाटतें. भेद एवढाच कीं, सदेह गेले ते तुकोबा एकटे. येथें उठावयाचें तें सर्वांनीं. आणि ‘सर्वांनीं’ ह्या शब्दाचें वजन जालन्याजवळील बेथेल गांवाचा इतिहास पाहिल्यावांचून कळत नाहीं.

बेथेल वसविलें तें नारायण शेषाद्री ह्यांनीं. हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचे अल्पवयी बंधु श्रीपत हेही मिशनऱ्यांकडे राहिले होते; न्यायालयानें त्यांस पित्याच्या स्वाधीन केलें, आणि प्रायश्चित्त देऊन त्यांस जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली. त्या गहजबांत श्रीपतच्या आत्म्याची चौकशी फारशी कोणी केली नाहीं. वाद होता तो त्यानें कोणाच्या हातचें अन्न खाल्लें ह्याचा. पुढें नारायणराव निजामच्या मुलखांत, जालन्यास गेले आणि सालारजंगांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं हें गांव उभारलें. त्यांच्या मंडळींत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते.

सर्वांभूतीं आत्मा एकच, हें मांगास सांगणारे आमच्यांत पूर्वींही होते. सांगून झाल्यावर ते हातभर दूर सरत. विटाळ आत्म्याचा कधींच नव्हता, तो कातडीचा होता. ज्या देहाची सावली चुकवावयाची, त्याच देहास देव गौरवानें उठविणार, हें सांगणारें मत त्या माणसास काय वाटलें असेल? ख्रिस्ती समाजांतून जात गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती गेलेली नाहीं. परंतु पंडितांशीं वाद घालतांना मिशनरी लेखकांनीं आत्म्याच्याच गोष्टी फार केल्या आणि हें देहाचें मत जणूं संकोचानें मागें ठेविलें, ही आमच्या मतें त्यांची मोठी चूक झाली. टिळकांच्या रसाळ भजनांतही भर आहे तो ख्रिस्ताशीं एकरूप होण्यावर.

जळालेल्या देहाचें काय, ही शंका आमच्याकडे हटकून निघते. शतकानुशतकें दफनाचा आग्रह धरणाऱ्या रोमन चर्चनेंही १९६३ सालीं दहनास मोकळीक दिली. श्रद्धा हाडें शाबूत राहण्यावर अवलंबून नाहीं, हें त्यांत गृहीतच होतें. खुद्द नारायणरावांस तरी बेथेलची माती कोठें लाभली? १८९१ सालीं अमेरिकेहून परततांना ते समुद्रावरच वारले. बायबलाच्या शेवटल्या ग्रंथांत, शेवटच्या दिवशीं समुद्रही आपल्या पोटांतले मृत परत देतो, असें वर्णन आहे.