मधल्या जागेचा हिशोब

महाराष्ट्रातल्या शहरांत मध्यमवर्गीय घराच्या नूतनीकरणावर आज जेवढा पैसा आणि जेवढी हौस खर्च होते, तेवढी पूर्वी क्वचितच झाली असेल. जुनी सदनिका विकत घेतली की कामांची यादी जवळपास ठरलेली असते: फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल, मॉड्युलर किचन, जिप्समचे फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत आणि बाल्कनी आत घेणे. यांतल्या बहुतेक गोष्टी आवडीनिवडीच्या आहेत. त्यांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. शेवटची गोष्ट मात्र घराचे हवेशी, उन्हाशी आणि शेजाराशी असलेले नातेच बदलून टाकते. आपल्या हवामानात घराची गुणवत्ता मुख्यतः ठरते ती आत आणि बाहेर यांच्या मधल्या, सावलीच्या जागेवरून, आणि आजची गृहरचना नेमकी तीच जागा गमावत चालली आहे. हा दोष लोकांच्या अभिरुचीवर ढकलणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर तो अभिरुचीत कमी आणि क्षेत्रफळाच्या हिशोबात जास्त आहे.

ही जागा आपल्याकडे शोभेसाठी आली नव्हती. कोकणात जांभ्याच्या भिंतीला पावसाच्या माऱ्यापासून वाचवायचे म्हणून कौलारू छप्पर पुढे आणून खाली उतरवले गेले आणि त्याखाली पडवी तयार झाली. देशावर सोपा आणि ओसरी यांनी घराच्या आतल्या भिंतींवर थेट ऊन पडू दिले नाही. पुण्याच्या वाड्यात चौकाने भोवतालच्या खोल्यांना उजेड दिला आणि तापलेल्या हवेला वर जायला वाट दिली. गोव्यातल्या हिंदू घरांत तेच काम राजांगणाने केले, तर ख्रिस्ती घरांच्या दर्शनी बाजूला दोन्हीकडे बैठक असलेला बल्काव आला. हवामान वेगळे, साहित्य वेगळे, समाजही वेगळे. तरी उत्तर एकाच दिशेने गेलेले दिसते. उन्हापावसाला बाहेरच्या बाहेर थोपवायचे आणि थोपवण्यासाठी जी जागा लागते तिचा माणसांच्या उठण्याबसण्यासाठी उपयोग करायचा, ही ती दिशा.

शहराने ही कल्पना लगेच टाकून दिली नाही. चाळीची गॅलरी म्हणजे लोकवस्तीच्या दाटीत टिकवून धरलेली पडवीच होती. नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या मुंबईच्या चाळींवरील २०११ च्या ग्रंथाने शीर्षकातच गॅलरीला स्थान दिले, ते योग्यच होते. १९३० आणि ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह, माटुंगा आणि शिवाजी पार्क भागांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींनी काँक्रीटचे लांब छज्जे आणि गोलाईच्या बाल्कन्या दिल्या. ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या इमारतींच्या देखणेपणाचा मोठा भाग म्हणजे काटेकोरपणे आखलेली सावली आहे. पुढे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीत हाच विचार नव्याने मांडला. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य दोन्ही पश्चिमेला, पण दुपारनंतरचे रखरखीत ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा फिरवून या पेचातून वाट काढली होती. कोरियांनी प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग-गच्ची ठेवून तीच वाट आकाशात नेली. मधली जागा उंच इमारतीत शक्यच नाही, हे विधान त्या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

मग ती गेली कशी? याचे उत्तर वास्तुशास्त्रापेक्षा नियमावलीत सापडते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी एफएसआयमधून, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रातून, वगळली होती आणि शुल्क भरून ती बंदिस्त करण्याची सोयही होती. साहजिकच मोजणीत न येणारी बाल्कनी दाखवायची आणि ती खोलीत मिसळून विकायची, ही रीत रूढ झाली. या पळवाटांना आळा घालण्यासाठी जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फुलझाडांसाठीचे कट्टे वगैरे सारे एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले आणि त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय देण्यात आला. गैरप्रकार रोखण्याचा हेतू रास्त होता. पण परिणाम असा झाला की सावलीच्या फुटाची आणि शयनगृहाच्या फुटाची किंमत नियमाच्या नजरेत सारखी झाली, आणि विकसकाने अर्थातच शयनगृह निवडले. आधीच्या नियमाने बाल्कनी बंद करायला लावली, नंतरच्या नियमाने ती बांधूच दिली नाही. स्थावर मालमत्ता व्यवहारांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट करून ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. मात्र त्या व्याख्येत बाल्कनी मोडत नसल्याने ग्राहकाच्या मनातही तिची गणना ‘घराबाहेरची जागा’ अशीच होत राहिली.

नूतनीकरणाचा धंदा या पायावर उभा आहे, म्हणून त्याच्या चुकाही ठरावीक आहेत. बाल्कनी आत घेतली की मूळ भिंतीवरची सावली जाते आणि नवी बाहेरची भिंत थेट उन्हात येते. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडते. मावळतीचे ऊन तिरपे येत असल्याने खिडकीवरचा एक-दीड फुटी छज्जा तिथे निरुपयोगी असतो. तिथे खोल सावली किंवा उभ्या पट्ट्याच लागतात. त्यात जुन्या पूर्ण उघडणाऱ्या झडपा काढून स्लायडिंग खिडक्या बसवल्या जातात, ज्या कितीही सरकवल्या तरी साधारण निम्म्याच उघडतात. दारांवरचे झरोके बुजवले जातात. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीसाठी किमान २.७५ मीटर उंची सांगितली आहे. बेतासबात उंचीच्या सदनिकेत फॉल्स सीलिंग घातल्यावर तीही उरत नाही आणि पंखा डोक्याजवळ येतो. पुढे काढलेल्या बाल्कनीच्या स्लॅबवर विटांची भिंत आणि फरशीचा थर चढवणे हा तर इमारतीच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. एवढे सगळे करून घर गरम आणि अंधारे झाले की एसी आणि दिवसा दिवे यांची भर पडते. बिघाड आणि त्यावरचा इलाज दोन्ही एकाच अंदाजपत्रकात लिहिलेले असतात.

दुसरीकडे याच काळात आपल्याकडे उत्तम घरे बांधली गेली, हेही मान्य करायला हवे. अलिबागजवळ नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये उभारलेल्या पाल्मायरा हाउसच्या भिंती ताडाच्या लाकडी पट्ट्यांच्या आहेत. त्यांतून वारा खेळतो आणि ऊन गाळून येते. अशा कामांनी मराठी मुलखातल्या सुतारकामाला आणि स्थानिक साहित्याला जगभर मान मिळवून दिला. पण ही गुणवत्ता मुख्यतः सुट्टीच्या घरांत, मोकळ्या भूखंडांवर आणि भरपूर पैसा असलेल्यांसाठी फुलली. जिथे लाखो माणसे वर्षभर राहतात त्या दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेकडे उत्तम वास्तुविशारदाची बुद्धी फारशी वळलीच नाही. ते क्षेत्र सजावटकारावर सोडून दिले गेले. गृहरचनेवरच्या लेखनानेही छायाचित्राला नकाशापेक्षा मोठे केले. घर कोणत्या दिशेला आहे आणि हवा कुठून कुठे जाते हे न सांगता घराचे कौतुक करणे ही समीक्षा नव्हे.

यावर पहिला आक्षेप स्मरणरंजनाचा येईल. वाड्यातले माजघर अंधारे होते, चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जात होते, ओटीवर कोणी बसायचे आणि अंगणात कोणी उभे राहायचे हे जात ठरवत होती. चाळीच्या गॅलरीच्या टोकाला सामायिक संडासांची रांग होती. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच मागे जाण्याची मागणी इथे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून स्वतःचे संडास-बाथरूम असलेल्या ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही निर्विवाद प्रगती आहे. प्रश्न एवढाच आहे की विषमतेसकट टाकून दिलेल्या वस्तूंत सावली आणि वारा यांचीही गणना का व्हावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चारशे फुटांत पाच माणसे राहत असतील तर मुलाच्या अभ्यासाला जागा हवी की वाऱ्याला? या गरजेला अभिरुचीचे धडे देणे क्रूरपणाचे होईल. कोरियांनीच नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये शेजारची भिंत सामायिक न ठेवता घरे आखली, ती यासाठी की कुटुंबाबरोबर घर वाढावे. तिथली अनेक घरे पुढे पाडून मोठी बांधली गेली, यावरूनही गरजेचा जोर कळतो. पण बंद केलेली बाल्कनी मिळवून देते ती थोडी जागा आणि हिरावून घेते मागच्या खोलीचा उजेड व वारा. मूळ भिंत आणि खिडकी जागेवर ठेवून, बाहेर पूर्ण उघडणारी झडप किंवा जाळी लावून, तिथेच घडीचे टेबल बसवले तर अभ्यासाची जागाही मिळते आणि खोलीही जिवंत राहते. धूळ, डास, कबुतरे आणि आवाज या तक्रारींनाही बारीक जाळी आणि बंद करता येणारी झडप हे उत्तर आहे, विटांची भिंत नव्हे. उरला एसी. तो लावू नये असे नाही. सावलीतल्या भिंतीमागे त्याला कमी काम पडते, एवढेच लक्षात घ्यावे.

उपाय अवघड नाहीत, पण ते सजावटीच्या आधीच्या टप्प्यावर करायचे आहेत. ठरावीक मापाइतकी खोल, उन्हाच्या बाजूची आणि कायम उघडी राहणारी बाल्कनी एफएसआयमधून वगळावी आणि ती बंद केल्यास सवलत वसूल करावी. २०१८ मध्ये आलेली इको निवास संहिता इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालते. ती प्रामुख्याने नव्या इमारतींसाठी आहे, पण तिच्यामागचा विचार नूतनीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला लावता येईल: आधी पश्चिमेची भिंत आणि गच्ची, मग खिडक्या, मग पंखा आणि उंची, आणि राहिलेल्या पैशांत टाइल. सर्वांत मोठी संधी पुनर्विकासात आहे. मुंबई-पुण्यातल्या असंख्य सोसायट्या सध्या जुन्या इमारती पाडायला निघाल्या आहेत, आणि त्यांच्या सभांत किती टक्के जादा कार्पेट मिळणार या प्रश्नाभोवतीच बहुतेक चर्चा फिरते. त्या सभेत सभासदांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: दुपारी तीन वाजता ऊन कोणत्या भिंतीवर असेल, आणि वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून बाहेर पडेल का. करारावर सही होण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे नकाशात मागण्याचा हक्क सभासदांना आहे. पुढची कित्येक दशके ते कोणत्या घरांत राहतील हे तिथेच ठरणार आहे.