गैरहजर गडी आणि पुरुषविचार : कथनखेळातील एका संकेताची चिकित्सा

पाचसहा मंडळींनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका कल्पित व्यक्तीची भूमिका पत्करावी आणि केवळ बोलण्याने व फाशांच्या साहाय्याने एक कथा पुढे न्यावी, असा एक खेळ १९७४ पासून प्रथम अमेरिकेत व पुढे अन्यत्र रूढ झाला आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्याचा आद्य नमुना होय. या प्रकारास येथे 'कथनखेळ' म्हणू. तो चालविणाऱ्यास 'सूत्रधार' म्हणण्याचा मोह होतो. परंतु संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना आटोपताच निघून जातो, आणि हा तर अखेरपर्यंत ठाण मांडून असतो. गोंधळातील नाईक त्याला अधिक जवळचा. म्हणून तोच शब्द येथे योजला आहे.

कथा एका बैठकीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालते. साहजिकच कोणी तरी एखाद्या बैठकीस येत नाही. गडी घरी राहिला, पण त्याचे पात्र मात्र मागल्या खेपेस गुहेच्या तोंडाशी उभे करून ठेवलेले आहे. त्याचे काय करावे? २०१४ साली निघालेल्या, नाईकासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत चार वाटा सुचविल्या आहेत : दुसऱ्या गड्याने ते पात्र चालवावे, नाईकाने स्वतः चालवावे, पात्र तेथे नव्हतेच असे ठरवावे, अथवा ते सोबत असूनही मागे मागे राहते असे मानावे. कोणती वाट कधी सोयीची, एवढाच जणू प्रश्न आहे. माझा आक्षेप नेमका येथे आहे. हा प्रश्न सोयीचा नसून बोलण्याच्या अधिकाराचा आहे, आणि व्याकरणातील पुरुषविचार लावून तो तपासता येतो.

अरबी वैयाकरणांनी तीन पुरुषांना मुतकल्लिम, मुखातब आणि गायब अशी नावे दिली आहेत. बोलणारा, ज्याच्याशी बोलावयाचे तो, आणि समोर नसलेला. मराठीत 'गायब' हा शब्द स्थिरावला तो 'नाहीसा झालेला' या अर्थाने. समोर नसण्याचा अर्थ 'गैरहजर' या शब्दाकडे गेला. नळदुर्गसारख्या गावी, जेथे १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत उर्दू ही दफ्तराची भाषा होती, हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदले. गैरहजराचे नाव पटावर असते. गायब झालेल्याचा ठावठिकाणाच नसतो. मार्गदर्शिकेतील तिसरी वाट गैरहजर गड्याचे पात्र गायब करते, हे या शब्दभेदामुळे चटकन ध्यानी येते.

खेळणारा 'मी' म्हणतो तेव्हा तो 'मी' दुहेरी असतो : बोलणारा गडी आणि कथेतील पात्र. इंग्रजीत ही घडी उलगडून दिसत नाही, मराठीत दिसते. एखादा पुरुष स्त्रीपात्र चालवीत असेल तर 'मी आत जाते' म्हणताना तो पात्रात आहे, आणि 'मी पाणी पिऊन येतो' म्हणताच बाहेर आला. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र ही खूण पुसली जाते; 'मी तलवार उचलली' या प्रयोगात क्रियापद तलवारीच्या मागे जाते, उचलणाराचे लिंग सांगत नाही. आता त्या पात्राचा धनी गैरहजर असताना शेजारच्या गड्याने 'मी आत जाते' म्हणावे काय? रंगभूमीचा दाखला येथे देण्यात येईल. ८ जुलै १९२१ रोजीच्या संयुक्त 'मानापमाना'त केशवराव भोसले धैर्यधर व बालगंधर्व भामिनी झाले. दोन निरनिराळ्या मंडळ्यांचे नट एकमेकांसमोर निर्वेध उभे राहू शकले. परंतु ते शक्य झाले, कारण दोघांच्याही तोंडची वाक्ये खाडिलकरांनी आधीच लिहून ठेवली होती. कथनखेळात संहिता नाही. पात्राचे वाक्य गड्याच्या मुखातून प्रथमच जन्मास येते. म्हणून बदली गड्याने तृतीय पुरुषातच बोलावे, 'ती आत जाते' म्हणावे, असे माझे मत आहे. ऐकणाऱ्यांस मग प्रत्येक वाक्यागणिक कळत राहते की हा शब्द उसना आहे.

मुलांच्या खेळांनी या बाबतीत मोठ्यांच्या ग्रंथांहून अधिक विवेक दाखविला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. 'कच्चा लिंबू' धावतो, पकडला जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मार्गदर्शिकेची चौथी वाट म्हणजे दुसरे काय? फरक इतकाच, की कच्च्या लिंबाची अवस्था खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांसमक्ष जाहीर होते.

आधी जाहीर करण्याच्या या मुद्द्यावर नळदुर्गचेच एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. येथील खंडोबाची मूर्ती वर्षभर येथे नसते. वर्षाचा बहुतेक काळ ती जवळच्या अणदूरला असते आणि पावणेदोन महिन्यांच्या सुमारास नळदुर्गास, बोरी नदीकाठच्या मंदिरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा या मुक्कामात भरते. मूर्ती हलविताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाची तुलना गड्याशी करण्याचा हेतू नाही. तुलना आहे ती मागे राहणाऱ्यांच्या वर्तनाची. देव कोठे आहे, केव्हा परतणार, हे नळदुर्गकरांस ठाऊक असते, कारण ते त्याच्या निघण्यापूर्वीच ठरलेले असते. तो गैरहजर असतो, गायब नसतो. बेन रॉबिन्स या अमेरिकन खेळकर्त्याने प्रत्येक बैठकीअखेर सर्व पात्रांनी गावी परतावे असा दंडक घातला होता, त्याचेही मर्म हेच. पुढल्या वेळी जो येणार नाही त्याचे पात्र गावात आहे. त्यासाठी निराळी सबब रचावी लागत नाही.

राहता राहिली परतलेल्या गड्यास वृत्तांत सांगण्याची गोष्ट. येथे मराठीजवळ इंग्रजीत नसलेले एक साधन आहे. 'आम्ही पूल ओलांडला' यात ऐकणारा वगळला जातो. 'आपण पूल ओलांडला' यात तो येतो. पात्र गावात राहिले असेल तर 'आम्ही' हेच खरे, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. पात्र सोबत नेले असेल तर 'आपण' म्हणता आले पाहिजे. ते कोठवर म्हणता येते? 'आपण पूल ओलांडला', 'आपण जखमी झालो' येथवर ऐकणारा मान डोलावील. 'आपण राजाला शब्द दिला' म्हटले की तो विचारील, मी केव्हा दिला? चालणे, ओझे वाहणे, घाव चुकविणे ही कामे बदली गडी करू शकतो. वचन देणे, क्षमा करणे, साथ सोडणे या क्रिया उच्चारानेच घडतात, आणि तो उच्चार दुसऱ्याने करावयाचा नसतो. पात्राचा मृत्यूही मी याच वर्गात घालीन, जरी त्यात उच्चार फाशांचा असला तरी.