पोटात घटिका, पाठीवर किल्ला

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १३१५ सालच्या एका अरबी हस्तलिखिताचं सुटं पान आहे. त्यावर एक हत्ती उभा आहे. मानेवर माहूत, पाठीवर खांबांची अंबारी, अंबारीत लेखणी धरून बसलेला लेखनिक. खांबांच्या मध्ये दोन सर्प, त्यांच्या वर किल्ल्याच्या सज्जात बसलेला एक माणूस, त्याच्या दोन्ही हातांखाली एकेक ससाणा. आणि सगळ्यांच्या माथ्यावर, घुमटाच्या टोकाला, एक पक्षी. पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी अद्भुत कथेतला प्रसंग चितारलाय. प्रत्यक्षात ही एका घड्याळाची आकृती आहे, आणि वर सांगितलेल्या मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकाला त्यात नेमून दिलेलं काम आहे.

मूळ ग्रंथ १२०६ सालचा. कर्ता इस्माईल अल-जझरी, आमिदच्या अर्तुकी राजांचा यंत्रकार. आमिद म्हणजे आग्नेय तुर्कस्तानातलं आजचं दियारबकीर. पंचवीस वर्षं त्या घराण्याची चाकरी झाल्यावर राजाने त्याला सांगितलं की केलंस ते वाया जाऊ देऊ नकोस, लिहून ठेव. त्याने पन्नास यंत्रं लिहून ठेवली: घड्याळं, मद्यपानाच्या मैफलीतली पात्रं, हात धुण्याची आणि रक्त काढण्याची भांडी, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रं आणि काही किरकोळ वस्तू. उपयोगी कोणतं आणि निव्वळ गमतीचं कोणतं, अशी वाटणी त्याने केलेली नाही. पंपाला जितकी काटेकोर मापं, तितकीच मद्य ओतणाऱ्या पुतळीला. या ग्रंथाची गोडी मला तिथेच वाटते. आणि ती पुरेपूर चाखायची तर हत्तीच्या पोटात शिरावं लागतं.

पोटात पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर तरंगणारं, बुडाला बारीक भोक पाडलेलं एक धातूचं पात्र. मराठी वाचकाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. लग्नमंडपात पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायचं ते घटिकापात्र हेच. भोकातून पाणी चढत चढत पात्र बुडालं की चोवीस मिनिटांची घटिका भरली. अल-जझरीचं पात्र अर्ध्या तासाचं. पण आपलं पात्र बुडालं की कुणीतरी हात घालून ते काढायचं, रिकामं करायचं आणि पुन्हा पाण्यावर ठेवायचं. त्यासाठी एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसवावा लागे. अल-जझरीने हा माणूस हटवला. त्याने पात्र टाकीच्या कडेला कड्यांनी अडकवलं, म्हणजे ते बुडतानाही भरकटत नाही आणि वर येतानाही ठरल्या जागीच येतं. ते वर आणायचं कुणी, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बाकीचा सगळा हत्ती.

पात्र सावकाश बुडत असतं तेव्हा त्याला बांधलेली दोरी अंबारीतल्या लेखनिकाला सावकाश फिरवते. त्याच्या लेखणीचं टोक समोरच्या खुणांवरून सरकतं. खुणा साडेसात. दिवसरात्रीच्या पूर्ण फेऱ्याचे ३६० अंश धरले तर तासाला पंधरा आणि अर्ध्या तासाला साडेसात, म्हणजे एक खूण बरोबर चार मिनिटांची. हा लेखनिक सहज नजरेतून निसटतो, कारण वरच्या पक्ष्या-सर्पांच्या गडबडीत तो एकटाच शांत आहे. पण वेळ खरोखर दाखवतो तो हाच. बाकी सगळे ती झाल्याची वर्दी देतात. दरबारातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस लेखनिक असावा आणि अचूक हिशेब त्याच्याकडेच असावा, ही निवड मला फार मार्मिक वाटते.

अर्धा तास भरतो. इतका वेळ हळूहळू खाली जाणारं पात्र काठोकाठ भरताच एकदम तळाला जातं. शेवटच्या क्षणीचा हा हिसका अल-जझरीने नेमका हेरलाय. हिसक्याने साखळी ओढली जाते आणि वरच्या किल्ल्यात साठवलेल्या गोळ्यांपैकी एक सुटतो. घुमटावरचा पक्षी गिरकी घेतो, शीळ वाजते. सज्जातला माणूस एका ससाण्याच्या डोक्यावरून हात उचलतो. ससाण्याची चोच उघडते आणि गोळा खाली वाट पाहणाऱ्या सर्पाच्या जबड्यात पडतो. पुढच्या अर्ध्या तासाला दुसरा हात, दुसरा ससाणा, दुसरा सर्प. हात उचलण्याची ही हालचाल पाहा. दाबून धरलेला पक्षी मोकळा केल्यासारखी ती दिसते, त्यामुळे ससाण्याने चोच उघडणं प्रेक्षकाला अगदी ओघाने आल्यासारखं वाटतं. आतल्या दोऱ्यांचा त्याला संशयही येत नाही. यंत्रकाराने इथे नाटककाराचं काम केलंय, आणि तेही एका हाताच्या हालचालीत.

आता सर्प. माझ्या मते या यंत्राचा प्राण तोच. तो एका आसाभोवती झुलतो. जबड्यात गोळा पडला की डोकं जड होतं आणि तो डौलात खाली वाकू लागतो, गोळा गिळायला नव्हे तर हत्तीच्या खांद्यावरच्या कलशात नेऊन ठेवायला. बघणाऱ्यांचे डोळे त्या वाकण्यावर खिळलेले असतात, आणि तेवढ्यात त्याच आसावरून गेलेली साखळी पोटातलं बुडालेलं पात्र वर खेचत असते. गोळा कलशात पडेपर्यंत पात्र रिकामं होऊन पुन्हा पाण्यावर टेकलेलं असतं. हलका झालेला सर्प मान उंचावून जागेवर येतो. इतर घड्याळांत आधी यंत्रणा असते, मग तिच्यावर शोभा चढवतात. इथे शोभा काढून घेतली तर घड्याळ पहिल्याच अर्ध्या तासाला बुडून बंद पडेल. सर्प वाकतो म्हणूनच पुढचा अर्धा तास सुरू होतो.

गोळ्याचं काम अजून संपलेलं नाही. जाता जाता तो माहुताला हलवतो. माहुताच्या दोन्ही हातांतली हत्यारं हत्तीवर पडतात. मग गोळा झांजेवर आदळून आवाज करतो आणि थांबतो. पात्र वर खेचण्याचं वजन, नाटकाला पुढे ढकलणारा पात्रधारी आणि शेवटचा टोला, तिन्ही भूमिका एकाच गोळ्याच्या. आणि त्याला हे बळ मिळालं कुठून? सेवकाने ते गोळे आधी उचलून वर किल्ल्यात भरून ठेवले, तिथून. पाणी फक्त वेळ मोजतं. घड्याळ चालतं ते त्या उचललेल्या वजनावर. ज्या माणसाला टाकीपाशी बसण्यातून सोडवलं, त्याची दिवसभराची मेहनत एकदाच घेऊन माथ्यावर साठवून ठेवली आहे. हे लक्षात आलं की चित्रातला तो किल्ला वेगळाच दिसू लागतो.

याच ग्रंथातलं किल्ल्याचं घड्याळ आकाराने बरंच मोठं, तीन मीटरहून उंच. त्यात राशिचक्र आहे, उघडणारी दारं आहेत, नगारे-तुताऱ्या वाजवणारे वादक आहेत. थाट मोठा, पण हत्तीची बांधणी त्यात नाही. वादकांना सुट्टी दिली तरी ते चालेल. मात्र त्यात एक जागा जाणकाराने थांबून पाहावी अशी आहे. तिथे तास ऋतूप्रमाणे लांब-आखूड व्हायचे, कारण दिवस केवढाही असो, त्याचे बारा भाग करायचे. म्हणजे पाणी रोज वेगळ्या वेगाने सुटायला हवं. त्यासाठी पूर्वसूरींनी अर्धवर्तुळाकार तबकडीवर पाण्याचं तोंड फिरवण्याची युक्ती सांगितली होती. अल-जझरीने ती करून पाहिली, चुकते असं आढळलं, मग पूर्ण वर्तुळ घेऊन राशींच्या खुणा प्रयोगाने, एकेक तपासून बसवल्या. प्रत्यक्ष करून न पाहिलेलं ज्ञान खरं-खोटं यांच्या मध्येच लटकत राहतं, असं तो प्रस्तावनेत सांगतो. या तबकडीवर ते वाक्य त्याने पाळून दाखवलंय.

आता थोडा विक्षिप्तपणा. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजूच्या वेळी, दासाने किंवा दासीने हातावर पाणी घालावं हे राजाला नको वाटे. तेव्हा अल-जझरीने त्याला काय करून दिलं? धातूचा दास. उजव्या हातात झारी, डाव्या हातात आरसा, कंगवा आणि टॉवेल. सेवक नको म्हणणाऱ्याला सेवकच, फक्त बघणारे डोळे वजा करून! राजाच्या संकोचाचं मर्म इतक्या सभ्यपणे ओळखणारा कारागीर दरबारात टिकला यात नवल नाही.

मोराचं हस्तपात्र त्याहून सरस. मोराच्या चोचीतून हातावर पाणी पडतं, वापरलेलं पाणी खालच्या कोठीत साचतं. तिथला तरंगता गोळा चढू लागला की एक छोटं दार उघडून पुतळा हात धुण्याची पूड घेऊन येतो. पाणी आणखी चढलं की दुसरा टॉवेल घेऊन. या दोघांना बोलावतं कोण, तर हातांवरून उतरलेलं मळकं पाणीच. राजा रेंगाळला तर टॉवेलवालाही दाराआड थांबतो. घड्याळ लावून हे साधलं नसतं. रक्त काढण्याच्या परातीतही हीच युक्ती: किती रक्त गेलं ते धर्मगुरूचा एक पुतळा जागेवर फिरत आपल्या काठीने खुणांवर दाखवत राहतो. वैद्याला माप मिळतं आणि रोग्याला सुरीऐवजी बघायला दुसरं काही मिळतं. मैफलीच्या तळ्यात सोडायची वादकांची नौका मात्र मला मोरापुढे फिकी वाटते. डफ, बासरी, हार्प वाजतात, दांड्यावरच्या खुंट्या हात हलवतात, खूप मौज आहे. पण तिथे पाणी नुसतं चालक आहे, पाहुण्याच्या वागण्याला उत्तर देत नाही.

हे सगळं बोलणं फोल ठरलं असतं जर झडपा गळल्या असत्या. म्हणून ग्रंथातली सगळ्यात कोरडी वाक्यं वगळून पुढे जाऊ नये. झडप आणि तिची बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकींवर घासून पाणी न झिरपेल अशी बसवायची. लाकूड ओलाव्याने वाकू नये म्हणून पातळ थर एकावर एक चिकटवून जाड करायचं. चाकाचा तोल आधी जागेवर पारखायचा. नवी रचना कागदाची करून पाहायची. राजवाड्याच्या दारासाठी तांबं-पितळ वाळूच्या बंद साच्यात ओतायचं. इथे कुठेही विशेषण नाही. कारखान्यातल्या माणसाने कारखान्यातल्या माणसाशी बोलावं तसं हे गद्य आहे, आणि मोराच्या पिसाऱ्याइतकंच ते मला देखणं वाटतं.

पाचव्या विभागातला जोड-पंप बघितला की हात तोच आहे हे कळतं. प्रवाहातलं चाक फिरतं, दात्यांवरून गती एका झुलत्या दांड्याला मिळते, दांडा समोरासमोरचे दोन दट्टे आलटून पालटून ढकलतो. एक पाणी ओढत असतो तेव्हा दुसरा वर चढवत असतो, म्हणून धार तुटत नाही. दट्ट्यांभोवती वाख गुंडाळून फट बुजवली आहे, झडपा एकाच बाजूला उघडणाऱ्या आहेत. यात ना पक्षी, ना सर्प. पण उजवा-डावा ससाणा आणि उजवा-डावा दट्ट्या यांची लय एकच आहे: एकाची पाळी संपते तिथेच दुसऱ्याची सुरू.

शेवटच्या विभागात अक्षरं जुळवून उघडायचं कुलूप आहे.  त्याच्याच शेजारी एक साधं उपकरण आहे, कुठलाही पुतळा नसलेलं. तीन बिंदू दिले की त्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा मध्य ते शोधून देतं, सपाट पत्र्यावर आणि गोलावरही. घुमट, चाक, परात, पात्र, आयुष्यभर गोल वस्तूच घडवणाऱ्या माणसाच्या हाताशी हे सतत असणार. राजाला ते कधी दाखवलं असेल असं वाटत नाही. तरी ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलंय, हत्तीला दिलंय तसंच.