इंग्रजीची चाचणी नेमके काय मोजते?

अमेरिकेतील सार्वजनिक शाळेत मुलाचे नाव घालताना पालकांकडून एक छोटा कागद भरून घेतात. त्यावरचे प्रश्न साधे असतात. कॅलिफोर्निया राज्यात ते चार आहेत: मूल प्रथम बोलू लागले ते कोणत्या भाषेत, घरात ते बहुतेक वेळा कोणती भाषा बोलते, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातली मोठी माणसे कोणती भाषा वापरतात. पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीनिमित्त तिकडे गेलेले कुटुंब अशा कागदावर सहजपणे, थोड्या अभिमानानेही, 'मराठी' असे लिहिते. त्या एका शब्दामुळे मुलाची इंग्रजी प्रावीण्य चाचणी घेतली जाते. ठरवलेल्या रेषेच्या खाली गुण पडले तर त्याच्या नावापुढे 'इंग्रजी शिकणारा विद्यार्थी' अशी नोंद होते, आणि ती रेषा ओलांडेपर्यंत दरवर्षी चाचणी सुरू राहते. पालकांना जादा इंग्रजीचा वर्ग नाकारता येतो, पण त्यानंतरही शाळेला वार्षिक चाचणी घ्यावीच लागते. २०२१ साली अशी नोंद असलेली मुले सुमारे ५३ लाख होती, म्हणजे सार्वजनिक शाळांतील दर शंभरांत दहाहून थोडी अधिक.

इतक्या मुलांचे शाळेतले स्थान ज्या मोजमापावर ठरते ते मोजमाप कितपत भरवशाचे आहे, याची तपासणी करायला हवी. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासात आपण चाचणीचे दोन गुण शिकलेलो आहोत. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजले तरी जवळजवळ तेच उत्तर येणे. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे ठरवले तेच मोजले जाणे. परीक्षेत या दोन व्याख्या आपण लिहिल्या आणि सोडून दिल्या. इथे त्या कामाला येतात.

ही चाचणी वाईट हेतूने आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तिच्या मागे दोन अन्याय आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला कॅलिफोर्नियातला. तेथील स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेक मुले त्या रेषेच्या वर निघाली. १९७० साली हे प्रकरण न्यायालयात मिटले आणि मुलाला त्याच्या भाषेतही तपासले पाहिजे असे राज्याला मान्य करावे लागले. दुसरा अन्याय सॅन फ्रान्सिस्को शहरातला. तिथे चिनी बोलणाऱ्या सुमारे १८०० मुलांना इंग्रजी येत नव्हते, आणि त्यासाठी त्यांना कोणतीही मदत मिळत नव्हती. सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके, तोच वर्ग, मग अन्याय कसला, असे शाळांचे म्हणणे होते. १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. पहिल्या ठिकाणी भाषेचा प्रश्न बुद्धीचा म्हणून मोजला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो मोजलाच गेला नाही. मदत कोणाला हवी हे कळण्यासाठी इंग्रजीची वेगळी चाचणी हवी, हा निष्कर्ष अगदी रास्त होता.

पुढे 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या कायद्याने (तो २००१ साली संमत होऊन २००२ च्या जानेवारीत लागू झाला) ही चाचणी दरवर्षी घेणे सर्व राज्यांना बंधनकारक केले. २०१५ च्या कायद्याने तर या गुणांतील प्रगती हा शाळेचे मूल्यमापन करण्याचा एक निकष ठरवला. म्हणजे मूल शोधणे, त्याला काय शिकवायचे ते ठरवणे, त्याला वर्गातून मोकळे करणे आणि शाळेला जाब विचारणे, ही चारही कामे आता चाचण्यांच्या याच गुणांवर होतात. कोणत्याही प्रयोगशाळेत एकाच उपकरणावर इतका बोजा टाकला जात नाही.

राज्ये एकत्र येऊन चाचण्या बनवतात. त्यांतील सर्वांत मोठा गट 'विडा' या नावाचा असून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात आहे. त्याची 'अ‍ॅक्सेस' ही वार्षिक चाचणी २००५ पासून घेतली जाते. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन असे तिचे चार भाग आहेत, आणि अखेरीस १.० ते ६.० यांच्या दरम्यान एक आकडा मिळतो. बालवर्गातील मुलाला शिक्षिका समोर बसवून प्रश्न विचारते. मोठी मुले बहुतेक ठिकाणी संगणकापुढे, कानांवर हेडफोन आणि तोंडापुढे माइक घेऊन बसतात. भाषणाच्या भागात पडद्यावर चित्र दिसते, एक नमुना विद्यार्थी आधी उत्तर देऊन दाखवतो, मग मुलाने बोलायचे. ऐकणारे कोणी नसते. आवाज साठवला जातो आणि दुसरीकडे कोणीतरी त्याला गुण देते. शेजारच्या संगणकापुढची मुलेही त्याच वेळी बोलत असतात. लाजाळू मूल अशा वेळी दोन शब्द बोलून थांबते, आणि हे दोन शब्द म्हणजेच त्याची बोलण्याची क्षमता असे धरले जाते. चाचणीच्या आठवड्यांत ती घेण्याचे काम बहुधा इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांवरच येते, त्यामुळे ज्यांना शिकवायचे त्यांचे तास बुडतात. पण हे दोष व्यवस्थेचे आहेत, मनावर घेतले तर दुरुस्त होणारे. अडचण याहून खोल आहे.

आकडा कसा तयार होतो ते पाहा. चार भागांना सारखा भारांश नाही. वाचन ३५ टक्के, लेखन ३५ टक्के, श्रवण १५ टक्के, भाषण १५ टक्के. समजा, एका मुलीला श्रवणात ३९०, भाषणात ३८०, वाचनात ३५० आणि लेखनात ३५५ गुण मिळाले (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत). भारांशाप्रमाणे बेरीज केली की ५८.५, ५७, १२२.५ आणि १२४.२५ मिळून ३६२.२५ होतात. चारही भाग सारखे मानले असते तर सरासरी ३६८.७५ आली असती. मुलगी तीच, उत्तरे तीच, फरक साडेसहा गुणांचा, आणि रेषा नेमकी या दोहोंच्या मधे असेल तर निकाल वेगळा. भारांश निवडण्यात चूक आहे असे माझे म्हणणे नाही. शाळेत वाचन-लेखनाला महत्त्व असते, तेव्हा त्याला जास्त वजन देणे समजू शकते. पण मग जे मोजले जाते ते मुख्यतः शालेय वाचन-लेखन आहे हे उघडपणे सांगावे. मैदानावर दिवसभर इंग्रजीत भांडणाऱ्या मुलाच्या घरी 'तुमच्या मुलाचे इंग्रजी अपुरे आहे' असे पत्र येते तेव्हा पालक गोंधळतात, त्याचे कारण हे आहे.

रेषेचेही तसेच. प्रत्येक मोजमापात प्रमाण त्रुटी असते. तेच मूल चार दिवसांनी बसवले तर आकडा थोडा वरखाली होतो. रेषा ४.५ वर असेल आणि मुलाला ४.४ मिळाले असतील, तर ते खरोखर रेषेखाली आहे की त्रुटीमुळे खाली दिसते हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. एकच चाचणी वापरणाऱ्या निरनिराळ्या राज्यांच्या रेषा निरनिराळ्या आहेत. कुटुंबाने राज्य बदलले की तोच आकडा पुरेसा किंवा अपुरा ठरू शकतो. २०१७ च्या निकालापासून 'अ‍ॅक्सेस'चे स्तर नव्याने, अधिक कडक ठरवण्यात आले, आणि तोच स्तर गाठायला आधीपेक्षा जास्त गुण लागू लागले. त्या वर्षी मुलांचे इंग्रजी एकाएकी बिघडले नव्हते.

आता सप्रमाणतेकडे येऊ. नवा तापमापक आणला की आपण तो वितळत्या बर्फात बुडवून पाहतो. पारा शून्यावर आला नाही तर दोष बर्फाला देत नाही. भाषेच्या चाचणीसाठी असा बर्फ कोणता? ज्यांना ती भाषा येते याविषयी शंकाच नाही, अशी मुले. इंग्रजीच्या चाचणीला घरी फक्त इंग्रजी बोलणारी मुले बसवून पाहण्याचा प्रयोग नियमितपणे होत नाही. परंतु त्याच्यासारखा एक प्रयोग स्पॅनिशमध्ये झाला आणि त्याचा निकाल प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे.

अमेरिकेतील काही शाळा या मुलांची त्यांच्या मातृभाषेतही चाचणी घेत असत. काही मुले दोन्हीकडे नापास होत. त्यांना इंग्रजीही येत नाही आणि स्पॅनिशही येत नाही, म्हणजे भाषाच नाही, असा शेरा पडे. भाषाशास्त्रज्ञ जेफ मॅक्स्वान आणि केली रोलस्टॅड यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पॅनिश घरांतील अशी १४५ मुले होती. प्रचलित असलेल्या दोन स्पॅनिश चाचण्यांपैकी एकीने त्यांतील ७४ टक्के, तर दुसरीने ९० टक्के मुलांना स्वतःच्याच मातृभाषेत 'मर्यादित' ठरवले. मग याच मुलांचे नैसर्गिक बोलणे घेऊन त्यातील शब्दरूपांच्या चुका मोजल्या. अपेक्षेपेक्षा जास्त चुका करणारी मुले निघाली फक्त २ टक्के.

इतकी तफावत कशाने पडली? अशा चाचण्यांवरचा एक मोठा आक्षेप असा की त्या पूर्ण वाक्यात उत्तर मागतात. "मुलगा काय करतो आहे?" या प्रश्नाला "अभ्यास" एवढेच उत्तर दिले तर गुण कमी. आपणच पाहावे. "कुठे निघालास?" असे विचारल्यावर "घरी" असे म्हणणारा मुलगा उत्तम मराठी बोलतो. "मी माझ्या घरी निघालो आहे" हे उत्तर फक्त वर्गात, गुरुजींसमोर, हाताची घडी घालून दिले जाते. पूर्ण वाक्यात बोलणे ही शाळेची रीत आहे. ती शिकवण्यात काही गैर नाही. परंतु ती रीत अजून अंगवळणी न पडलेल्या मुलाला भाषाच येत नाही असे म्हणणे म्हणजे बर्फाला दोष देणे होय. स्पॅनिशमध्ये हे घडू शकले, तर इंग्रजीच्या चाचणीत शाळेची रीत किती मोजली जाते आणि भाषा किती, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

याचा परिणाम कागदावरच राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. केंजी हकुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की बोलण्याचे इंग्रजी यायला तीन ते पाच वर्षे लागतात आणि शालेय अभ्यासाचे इंग्रजी यायला चार ते सात. म्हणजे ही नोंद अनेक मुलांच्या नावापुढे प्राथमिक शाळाभर राहणार हे उघड आहे. कॅलिफोर्नियात तर सहा वर्षांहून जास्त रखडलेल्यांसाठी वेगळी संज्ञाच २०१२ साली कायद्यात आली. या काळात जादा इंग्रजीचा तास कुठून काढायचा? वेळापत्रक तेवढेच असते; अनेकदा विज्ञानाचा किंवा एखाद्या आवडीच्या विषयाचा तास जातो. इलाना उमान्स्की यांनी २०१६ साली रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांची तुलना केली. ही दोन्ही मुले प्रत्यक्षात जवळजवळ सारखीच, फक्त शिक्का वेगळा. केवळ इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गांत शिक्का बसलेली मुले पुढच्या काळात गुणांत मागे पडलेली दिसली. दोन्ही भाषांतून शिकवणाऱ्या वर्गांत तसे दिसले नाही. शिक्का मारल्यानंतर शाळा काय करते यावर बरेच अवलंबून आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

यावर चाचणीच काढून टाका असे म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. अ‍ॅरिझोना राज्याने २००९ साली नावनोंदणीच्या वेळचे तीन भाषा-प्रश्न कमी करून एकच ठेवला. मदतीची गरज असलेली मुले त्यातून निसटू लागली अशी तक्रार झाली, केंद्रीय नागरी हक्क कार्यालयाने चौकशी केली आणि तिन्ही प्रश्न परत आणावे लागले. न मोजल्याने गरज नाहीशी होत नाही. आपल्याकडे मेळघाटात कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे बसते तेव्हा त्याला मराठी किती समजते हे स्वतंत्रपणे कोणी पाहत नाही. सरळ मराठीतून गणित विचारतात आणि मूल कच्चे ठरते. १९७० चा कॅलिफोर्नियातला प्रकार तो हाच.

चाचणी वेगळ्या तऱ्हेनेही वापरता येते. 'असर'च्या पाहणीत अनेक वर्षी इंग्रजीची छोटी चाचणी घेतली गेली. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द, सोपी वाक्ये, आणि वाचता आले तर अर्थ. तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. मुलाच्या घरी जाऊन, एकेकट्याला विचारतात. निकाल जिल्ह्याचा किंवा राज्याचा लागतो, कोणा मुलाच्या दाखल्यावर काही चढत नाही. त्रुटी तिच्यातही असणारच, पण त्या त्रुटीची किंमत एकट्या मुलाला मोजावी लागत नाही.

अमेरिकेतील राज्यांना दोन गोष्टी फारशा खर्चाशिवाय करता येतील. एक, आकडा एकट्याने निर्णय घेणार नाही असे ठरवणे. कॅलिफोर्नियात मुलाला मोकळे करताना चाचणीबरोबर शिक्षकाचे मत, पालकांशी चर्चा आणि इतर मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्ये पाहायची असतात. रेषेच्या आसपासच्या मुलांसाठी शिक्षकाच्या मताला जास्त वजन देता येईल. दुसरी, दरवर्षी प्रत्येक इयत्तेतील घरी फक्त इंग्रजी बोलणारी काही मुले त्याच चाचणीला, त्याच हेडफोनसह बसवणे आणि त्यांतील किती मुले रेषेखाली राहिली ते पालकांना पाठवल्या जाणाऱ्या पत्रातच छापणे.